हातातला डाव, शेजारचा भिडू

निन्टेन्डो कंपनीचा गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानात विक्रीला आला, तेव्हा त्याच्याबरोबर दुकानात चारच गेम होते. एक मारिओचा, एक विटा फोडण्याचा, एक बेसबॉलचा आणि चौथा ‘याकुमान’. मारिओ आज घरोघरी ठाऊक आहे. याकुमानचं नाव जपानबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नाही, पण या पुस्तकाची सुरुवात मला त्याच्यापासूनच करायची आहे. तो माजाँगचा खेळ. माजाँगमध्ये प्रत्येक जण आपल्या सोंगट्या स्वतःकडे तोंड करून उभ्या मांडतो. समोरच्याला दिसते ती फक्त त्यांची पाठ. असा खेळ दोघांनी घरच्या टीव्हीवर खेळायचा म्हटलं तर पंचाईत होते. पडदा एकच, त्यामुळे माझा डाव मला दिसतो तसा तुलाही दिसणार. दोन गेम बॉय एका वायरने जोडले की ही अडचण संपत होती. प्रत्येकाच्या हातात ज्याचा त्याचा पडदा, आणि समोर दुसऱ्याचा चेहरा.

माझं म्हणणं इथेच सांगून टाकतो. हातात मावणाऱ्या कन्सोलवर मित्रांबरोबर खेळणं हे टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमचं धाकटं भावंड मानलं जातं, ते मला पटत नाही. त्याचं कूळ पत्त्यांचं आहे. मेंढीकोट खेळताना आपल्या हातात मेंढ्या किती, हुकूम किती, हे आपल्यालाच माहीत असतं. पण भिडूची वर गेलेली भुवई, त्याचं उगाच खाकरणं, पान टाकताना हाताला आलेला जोर, हे सगळं उघड्यावर असतं. डाव झाकलेला आणि चेहरा उघडा, यातच पत्त्यांची निम्मी गंमत आहे. टीव्हीवर खेळताना सगळे एकाच दिशेला तोंड करून बसतात. डाव सगळ्यांना दिसतो, चेहरे कुणीच बघत नाही. इंटरनेटवर खेळताना डावही झाकलेला आणि चेहराही. सायबर कॅफेत लॅनवर काउंटर-स्ट्राइक खेळलेले वाचक इथे हरकत घेतील, आणि ती थोडीफार रास्तही आहे, पण तिथे प्रत्येकाच्या तोंडापुढे मॉनिटरचा भला मोठा डबा असायचा. मित्राच्या पाठीत गोळी घालून त्याचं तोंड बघायचं तर खुर्चीवरून उठावं लागे.

निन्टेन्डोची स्थापनाच मुळी पत्ते बनवण्यासाठी झाली होती. १८८९ साली क्योतोमध्ये फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा, म्हणजे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते, बनवायला सुरुवात केली. गेम बॉय आला तो त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. हा योगायोग मी पुरावा म्हणून मांडत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

गेम बॉयच्या आधी हातातला गेम हा एकट्याचा उद्योग होता. निन्टेन्डोतले अभियंते गुन्पेई योकोई यांनी १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आणला. कॅल्क्युलेटरमुळे एलसीडी पडदे आणि छोट्या चिप स्वस्त झाल्या होत्या, त्यांचा त्यांनी खेळण्यासाठी उपयोग केला. आगगाडीत कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला एक नोकरदार बघून त्यांना ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगितली जाते. योकोईंचं एक सूत्र प्रसिद्ध आहे: तंत्रज्ञान जुनं, मुरलेलं, स्वस्त झालेलं घ्यावं आणि त्याचा नवाच उपयोग शोधावा. हे सूत्र पुढे फार कामाला येणार होतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत, रेल्वे स्टेशनांबाहेर, खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा ‘९९९९ इन १’ हा ब्रिक गेम याच जातीचा. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळांची थाप कुणालाच खरी वाटत नसे, तरी तो घेतला जायचा. जोडीने खेळायची सोय त्यात नव्हती, म्हणून मुलांनी ती स्वतः करून घेतली: तू आउट झालास की मला दे. एक खेळे, तीन जण खांद्यावरून वाकून सल्ले देत. त्यालाही कुणी सोबतीचा खेळ म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

गेम बॉयचा पडदा बघून त्या काळीही लोक नाक मुरडत. रंग नाहीत, हिरवट-करड्या चार छटा, मागून उजेड नाही; रात्री खेळायचं तर दिव्याखाली बसा. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला. त्याला रंगीत, उजळ पडदा होता आणि एकमेकांना जोडायची सोय गेम बॉयपेक्षा सरस होती; एका खेळात बरेच जण उतरू शकत. पण सहा सेल घालून तो चार-पाच तासांत धापा टाकायचा. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चाले, आणि स्वस्त होता. एकट्याने खेळायचं असेल तर स्वस्त-महाग ही आवडीची बाब ठरते. दोघांनी खेळायचं तर दोघांकडेही यंत्र लागतं, आणि मग हिशेबच बदलतो: सर्वांत चांगलं यंत्र कुठलं, यापेक्षा मित्राकडे कुठलं आहे हा प्रश्न मोठा होतो. लिंक्स घेणाऱ्याला जोडायची सोय होती, जोडायला दुसरा लिंक्सवाला सापडत नव्हता. मुरलेल्या, स्वस्त तंत्राचा योकोईंचा आग्रह इथे जिंकला.

त्या वायरीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं आहे. लिंक केबल जेमतेम काही फुटांची. तिच्यातून सेकंदाला सुमारे एक हजार अक्षरं जात, म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही. दोहोंपैकी एक यंत्र ताल धरतं आणि दुसरं त्या तालावर चालतं. तालाच्या प्रत्येक ठोक्याला एक बिट इकडून तिकडे जातो आणि त्याच क्षणी एक तिकडून इकडे येतो. देणं आणि घेणं वेगळं करताच येत नाही, अशीच रचना आहे. एवढ्या अरुंद वाटेने चित्रं पाठवणं शक्य नव्हतं. म्हणून टेट्रिससारख्या खेळात दोन्ही यंत्रं आपापलं चित्र आपापल्यापुरतं काढत आणि वायरीतून फक्त गरजेपुरता निरोप जाई. ताल धरणारं यंत्र सुरुवातीलाच तुकड्यांचा क्रम कळवे, म्हणजे दोघांनाही तेच तुकडे त्याच क्रमाने मिळत. पत्ते पिसून वाटले, आता नशिबाला बोल लावायचा नाही.

टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात लिहिला. हातातल्या यंत्रासाठीचे हक्क मिळवायला गेम प्रकाशक हेंक रॉजर्स १९८९च्या फेब्रुवारीत तिथे जाऊन धडकले, ती कथा आता चित्रपटामुळे सगळ्यांना माहीत झाली आहे. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे ती गेम बॉयवरच्या टेट्रिसमधली जोडीची पद्धत. तुम्ही एका वेळी दोन ओळी उडवल्या की समोरच्याच्या तळाशी एक कचऱ्याची ओळ उगवते. तीन उडवल्या तर दोन. चार एकदम उडवल्या तर चारच्या चार. तुमचा पराक्रम म्हणजे त्याच्यावरचं संकट. त्याच्या पडद्यावर काय चाललंय हे तुम्हाला नीट दिसत नाही, पण चार ओळी खालून वर ढकलल्या गेल्या की तो जो आवाज काढतो तो ऐकू येतो. एकट्याने खेळताना मन शांत करणारा हा खेळ जोडीने खेळताना सरळ भांडण होतो.

आणि मग पोकेमॉन. त्यावर या पुस्तकात सर्वांत लांब प्रकरण आहे, त्यामुळे इथे फक्त तोंडओळख. पोकेमॉनचे निर्माते सातोशी ताजिरी यांचं बालपण टोकियोजवळच्या माचिदा भागात किडे पकडण्यात गेलं. पुढे शेतं-तळी बुजून तिथे इमारती झाल्या. गेम बॉयची केबल बघितल्यावर त्यांच्या डोक्यात चित्र आलं ते त्या वायरीतून एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जाणाऱ्या किड्याचं. इतर सगळे त्या वायरीकडे झुंज लावण्याचं साधन म्हणून बघत होते; ताजिरींना तिच्यात देवघेव दिसली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी पोकेमॉनच्या रेड आणि ग्रीन अशा दोन आवृत्त्या निघाल्या, तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा म्हातारा झाला होता आणि त्याच्याकडून कुणाची फार अपेक्षा उरली नव्हती. दोन्ही आवृत्त्यांत गोष्ट एकच, प्राणी मात्र थोडे वेगळे. रेडमध्ये एकान्स नावाचा साप सापडतो, सँडश्रू सापडत नाही, ग्रीनमध्ये उलट. म्हणजे सगळे जमवायचे तर दुसरी आवृत्ती असलेला माणूस गाठायलाच हवा. त्यावर कडी म्हणजे कडाब्रा, मॅचोक, ग्रॅव्हलर आणि हॉन्टर हे चौघे कितीही लढवले तरी पुढच्या रूपात जातच नाहीत. त्यांना केबलमधून दुसऱ्याकडे पाठवावं लागतं, तिथे पोचल्यावर ते बदलतात.

यात व्यापार आहेच. एकाच खेळाच्या दोन डब्या विकायच्या आणि मुलांच्या दोस्तीला गिऱ्हाइकी लावायची, ही युक्ती चतुर आहे आणि थोडी निर्लज्जही. मी ती क्षम्य मानतो, कारण बदल्यात मुलांना जे मिळालं ते खरं होतं. कडाब्रा मित्राकडे पाठवला की तो अलाकझाम होतो, पण आता तो मित्राच्या यंत्रात असतो. त्याने तो परत पाठवावा लागतो. पाठवेल ना? सात-आठ वर्षांच्या मुलाला उधारी, जामीन आणि शब्दाला जागणं यांची ओळख करून देणारा दुसरा व्हिडिओ गेम मला माहीत नाही. रडीचा डाव खेळणारेही होतेच. देवघेव पुरी होता होता नेमक्या क्षणी एक यंत्र बंद केलं की तोच प्राणी दोन्हीकडे शिल्लक राहतो, हे गुपित शाळाशाळांतून फिरत होतं. क्षण चुकला की प्राणी कायमचा गेला. हा जुगार करायला मुलं स्वतःचा प्राणी सहसा पुढे करत नसत.

आपल्याकडे पोकेमॉन आला तो आधी टीव्हीवरून आणि चिप्सच्या पाकिटातल्या चकत्यांवरून. गेम बॉय क्वचित कुणाच्या परदेशातल्या मामाने आणलेला असे. बहुतेक मराठी मुलांनी तो गेम खेळला तो पुढे संगणकावर, एम्युलेटर उतरवून. गेम तोच, पण केबल नाही. त्यामुळे कडाब्रा शंभराव्या पातळीला पोचला तरी कडाब्राच राहायचा आणि खेळणाऱ्याला वाटायचं, आपल्या फाइलमध्ये काही बिघाड आहे. बिघाड काही नव्हता, भिडू नव्हता.

नव्या शतकात वायरी गेल्या. २००४च्या शेवटी निन्टेन्डोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी ही दोन्ही यंत्रं काही आठवड्यांच्या अंतराने आली, आणि दोघांतही इंटरनेटशिवाय आसपासच्या यंत्राशी थेट बोलायची सोय होती. डीएसमध्ये एक फार उदार गोष्ट होती. मारिओ कार्टचं कार्ड एकाकडेच असलं तरी आजूबाजूचे सात जण आपापल्या यंत्रात तो खेळ तात्पुरता उतरवून शर्यतीत येऊ शकत. फक्त एक अट: कार्ड नसलेल्या प्रत्येकाला शाय गाय हे मुखवटा घातलेलं पात्रच घ्यावं लागे, आणि रस्तेही मोजकेच मिळत. म्हणजे कच्चं लिंबू. खेळायला घेतलंय, पण सगळ्यांना दिसतंय की हा पाहुणा आहे. कंपन्यांनी फुकट काही दिलं तर ते कसं द्यावं, याचा हा मला नमुना वाटतो. मधल्या काळात ही पद्धत जवळजवळ लोपली होती. २०२५च्या स्विच २ मध्ये गेमशेअर नावाने तिचं काहीसं पुनरागमन झालं आहे.

पीएसपीची गोष्ट जपानाबाहेर नीट सांगितली गेलेली नाही. इतरत्र तो चित्रपट बघायचं, गाणी ऐकायचं, एकट्याने खेळायचं देखणं यंत्र होता. जपानात तो मॉन्स्टर हंटर खेळायचं यंत्र झाला. कॅपकॉम कंपनीचा हा खेळ २००४ साली प्लेस्टेशन २ वर आला तेव्हा चौघांनी मिळून शिकार करायला इंटरनेट जोडणी आणि वर्गणी लागे. २००५ साली तो पीएसपीवर आला आणि या दोन्ही गोष्टींची गरज संपली. चार जण एका टेबलाभोवती बसले की झालं. शाळा सुटल्यावर विद्यार्थी, कचेरी सुटल्यावर नोकरदार उपाहारगृहांत मान खाली घालून शिकार करताना दिसू लागले. २०१० सालच्या तिसऱ्या भागाच्या सुमारे ४९ लाख प्रती गेल्या, आणि तो भाग जपानाबाहेर अधिकृतपणे कधी निघालाच नाही. एका देशात, एका यंत्रावर, एवढ्या प्रती.

का, ते खेळाच्या घडणीत आहे. समोर डोंगराएवढं जनावर, त्याच्या अंगात किती जीव उरलाय हे दाखवणारी पट्टी नाही. ते लंगडायला लागलं की समजायचं, आता थकलंय. चौघांच्या चार पडद्यांवर चार बाजूंनी तेच जनावर दिसतं: एकाला शेपूट, एकाला तोंड, एक जण दूर झुडपात औषध पितोय आणि त्याला काहीच दिसत नाही. त्यामुळे बोलावंच लागतं. “माझ्याकडे वळलंय.” “पळ!” “भुकटी कुणाकडे आहे?” ही भुकटी उधळली की चौघांच्याही जखमा भरतात, आणि ती कुणी कधी वापरावी यावरून होणारे वाद खेळापेक्षा लांबतात. शिकारी बेशुद्ध पडला की मांजरं त्याला हातगाडीवर घालून तळावर आणून ओततात. अशा तीन फेऱ्या झाल्या की शिकार फसली, आणि या तीन फेऱ्या चौघांत मिळून असतात. एकच अडाणी गडी तिन्ही वेळा पडून सगळ्यांची अर्ध्या तासाची मेहनत बुडवू शकतो. तो शेजारीच बसलेला असल्यामुळे त्याला काढून टाकता येत नाही. इंटरनेटवर अनोळखी माणसाला एका बटणाने हाकलता येतं. टेबलावर त्याला शिकवावं लागतं.

शिकार मिळाल्यावरही वाटणी समान नाही. ज्याला त्याला आपापल्या नशिबाने माल मिळतो. दुर्मीळ खवला त्या अडाणी गड्यालाच मिळतो, ही तक्रार जगभरच्या शिकाऱ्यांत सारखी आहे.

जपानात हे चाललं याचं एक कारण दाटीचं आहे. गर्दीच्या गाड्या, एकाच वयाची हजारो मुलं एका स्टेशनावर, प्रत्येकाच्या दप्तरात तेच यंत्र. ११ जुलै २००९ रोजी आलेल्या ड्रॅगन क्वेस्टच्या नवव्या भागाने तर बसायचीही गरज ठेवली नाही. डीएस चालू ठेवून खिशात टाकायचा. रस्त्यात दुसरा खेळाडू जवळून गेला की दोन्ही यंत्रं परस्पर नकाशांची देवघेव करत. कुणा खेळाडूला सापडलेला एक खजिन्याचा नकाशा, ज्याच्या एका मजल्यावर भरघोस गुण देणारे धातूचे राजेच भेटतात, टोकियोच्या अकिहाबारा भागातून खिशाखिशांतून फिरत देशभर पोचला. तिथल्या एका मोठ्या दुकानासमोर लोक नुसते एकमेकांच्या जवळ उभे राहायला जमू लागले. या प्रकाराला मल्टिप्लेयर म्हणावं का, यावर पुस्तकात मी थोडा घोळ घातला आहे. ज्याच्याशी खेळलो त्याचं तोंडही पाहिलं नाही, असा खेळ मला अर्धवट वाटतो. पण तो गर्दीला आवडला, हे खरं.

आपल्याकडे दाटी जपानाएवढीच, यंत्रं मात्र नव्हती. चार पीएसपी एका सोसायटीत सापडणं म्हणजे कौतुकाची गोष्ट. निन्टेन्डोचं तर भारतात नीट बस्तानच बसलं नाही. स्विचसुद्धा बहुतेकांनी आयात करणाऱ्या दुकानदारांकडून किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून मिळवला. म्हणून आपल्या इथली गोष्ट कन्सोलची नाही, फोनची आहे. नोकिया ६११० वर १९९७ साली आलेला साप दोघांना खेळता यायचा, दोन्ही फोनांची इन्फ्रारेडची तोंडं समोरासमोर धरून. हात हलला की संपर्क तुटला. हे ज्यांना ठाऊक होतं ते थोडे, खेळले ते त्याहून थोडे. खरी बहार आली ती पुढे, मिनी मिलिशियाने.

मिनी मिलिशिया म्हणजे काड्यापेटीएवढी माणसं, पाठीला उडायचं यंत्र, हातात बंदूक. दिसायला पोरकट. पण त्याला इंटरनेट लागत नसे. एकाने फोनचा हॉटस्पॉट चालू करायचा, बाकीच्यांनी त्याला जोडून घ्यायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ येईपर्यंत डेटा हा मोजूनमापून वापरायचा जिन्नस होता, त्यामुळे पुण्या-नागपूरच्या होस्टेलांत, अभियांत्रिकीच्या शेवटच्या बाकांवर, लांबच्या एसटीत हा खेळ वणव्यासारखा पसरला. आणि तो उतरवायलाही नेट लागत नव्हतं, शेअरइटवरून एका फोनवरून दुसऱ्यावर यायचा. कुणी प्रामाणिकपणे खेळतंय आणि कुणी न संपणाऱ्या गोळ्यांची ‘हॅक’ केलेली आवृत्ती घेऊन बसलाय, हे ओळखणं म्हणजे अर्धा खेळ. चार भिंतींत सहा जण, प्रत्येकाची मान आपल्या पडद्यात आणि शिव्या सार्वजनिक. टोकियोतल्या उपाहारगृहात पीएसपी घेऊन बसलेल्या चौकडीचं हेच भारतीय रूप, आणि आपल्याकडच्या गेमवरच्या लिखाणात त्याची नोंद जवळजवळ नाही. हे पुस्तक लिहायला घेण्याचं ते एक मोठं कारण.

जिओनंतर डेटा स्वस्त झाला आणि २०१८ साली पबजी मोबाइल आला. तेच मित्र आता आपापल्या खोलीत, कानात इअरफोन घालून खेळू लागले. आवाज आला, चेहरा गेला. त्यात काही मिळालंही: शिकायला जर्मनीला गेलेला मित्र आणि सांगलीतला मित्र एकाच विमानातून उडी मारू लागले. त्या दोघांना मी कुठल्या तोंडाने सांगू की एका टेबलाला बसून खेळा? नवी मुंबईत तयार झालेल्या लुडो किंगने २०२०च्या टाळेबंदीत किती घरांतल्या आजी-नातवंडांना धरून ठेवलं, तेही सगळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा लांबून खेळण्याला नावं ठेवायचा माझा इरादा नाही.

पण एक गोष्ट मोजून ठेवली पाहिजे. लांबून खेळणं मधल्या कुणाच्या तरी मर्जीवर चालतं. डीएसची इंटरनेट सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली, ३डीएसची एप्रिल २०२४ मध्ये. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारी आदेशाने बंदी आली. १९८९ची लिंक केबल आजही चालते. दोन डीएस आजही एका खोलीत एकमेकांना शोधतात आणि मारिओ कार्ट सुरू होतो. त्यासाठी कुठलाच सर्व्हर जिवंत असावा लागत नाही.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या स्विचने ही परंपरा वेगळ्या वाटेने चालवली. त्याच्या दोन्ही कडा निघतात आणि दोन छोटे कंट्रोलर होतात; एक तू घे, एक मी. मात्र पडदा एकच, सहा इंचांहून जरा मोठा, त्याचे दोन भाग केले की गाडी शोधायला डोळे बारीक करावे लागतात. जाहिरातीत हे गच्चीवरच्या मैफलीत फार छान दिसलं होतं. प्रत्यक्षात दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. प्रत्येकाकडे आपला स्विच असेल तर आठ जणांपर्यंत थेट जोडता येतात आणि झाकल्या डावाची मजा परत येते. २०२० साली आलेल्या ‘क्लबहाऊस गेम्स’ या ५१ खेळांच्या संचात मला सर्वांत जास्त आनंद दिला तो त्यातल्या यादीने: लुडो आहे, कॅरम आहे, आणि ‘सेव्हन्स’ या नावाखाली आपला बदाम सात जवळजवळ जसाच्या तसा आहे. एकाकडे संच असला की दुसऱ्याने फुकटची पाहुणी आवृत्ती उतरवायची, आणि दोघांच्या हातात आपापली पानं. याच संचात हानाफुदाही आहे. पत्ते बनवणारी कंपनी शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा पत्ते वाटत होती, यावेळी पडद्यावर.

एका आक्षेपाचं उत्तर प्रस्तावनेतच देऊन ठेवतो, कारण तो प्रत्येक पालक घेतो: मुलं एकत्र बसतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, सगळी फोनात. कधीकधी हे खरंच असतं. चौघे शेजारी बसून चार वेगळे व्हिडिओ बघत असतील तर पालकांचं बरोबर आहे. पण बोलणं चालू आहे की नाही हे ठरवायला माना मोजू नयेत, कान द्यावा. “तुझ्या मागे आहे”, “दे ना परत”, “तू चीटिंग केलीस” हे ऐकू येत असेल तर तिथे खेळ चालू आहे आणि माणसंही हजर आहेत. पैशाचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. चौघांनी खेळायचं तर चार यंत्रं हा हिशेब गरीब घरातल्या मुलाला सरळ बाहेर काढतो, आणि शाय गायसारख्या पाहुण्या सोयी म्हणूनच मी एवढ्या उचलून धरतो.

पुस्तकाबद्दल चार शब्द. कुठला कन्सोल घ्यावा याचा सल्ला यात नाही. तो छापून येईपर्यंत जुना होतो. यंत्रांच्या तांत्रिक तपशिलांपेक्षा दोन यंत्रांमध्ये काय घडतं याकडे माझं लक्ष राहिलं आहे, त्यामुळे एकट्याने खेळायचे कित्येक थोर गेम मी एका ओळीत उरकले आहेत. त्यांच्या चाहत्यांनी राग मानू नये. प्रकरणं सुटी आहेत, कुठल्याही क्रमाने वाचावीत. मॉन्स्टर हंटरचं प्रकरण लांबलं आहे, ते जाणूनबुजून. मिनी मिलिशियाचं प्रकरण छोटं राहिलं, कारण त्या काळाचं लेखी असं जवळपास काही उरलेलं नाही. जे आहे ते खेळलेल्यांच्या तोंडी आहे.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. होस्टेलात, कट्ट्यावर, गाडीत जे खेळलात ते लिहून काढा: कोण कुणाशी, कुठल्या फोनवर, काय नियम ठरवून. आणि माळ्यावरच्या जुन्या खोक्यात एखादा गेम बॉय, पीएसपी, डीएस सापडला तर त्याच्याबरोबरची वायर, चार्जर आणि कार्डं वेगळी करून भंगारात देऊ नका. गेम बॉयची पुढची, छोटी आवृत्ती १९९६ साली आली तेव्हा तिच्या केबलचं तोंडच बदललं होतं; जुन्याला नवं जोडायला मधला जोड लागतो, आणि तो आता मुश्किलीने मिळतो.